पहाटे उजवी नळी मुकी, दुपारी ठणठणीत. दोष चापात, स्प्रिंगमध्ये की काडतुसात?

मानवतचा_माजी_फौजी

राम राम मंडळी.

बावीस वर्षं पायदळात काढली, हवालदार म्हणून सुटलो. आता मानवतजवळ एका जिनिंगवर रात्रपाळी करायलो. बंदूक माझ्याच लायसनची आहे. बारा बोर, दोन नळ्या, दोन चाप, बाहेर घोडे नसलेली. २०११ साली जुनीच घेतली. फौजेत एसएलआर रायफल होती, नंतर इंसास रायफल आली. एसएलआर तर अंधारात खोलून जोडायचो, अजूनही बोटांना आठवतं. पण या मधे मोडून भरायच्या बंदुकीचं पोट कधी उघडलं नाही, अन् खरं सांगायचं तर उघडायची भीती वाटते.

आता अडचण ऐका. गेल्या महिन्यात एजन्सीनं आम्हा गार्डांचा सराव ठेवला. माणशी सहा काडतुसं. माझा नंबर सकाळी सातला. जानेवारीतली परभणी तुम्हाला माहीतच आहे, बोटं आखडलेली. उजव्या नळीसाठी पुढचा चाप ओढला. बार नाही. आवाज आला, पण 'टक' असा नाही, 'थप' असा. ओल्या पोत्यावर काठी मारल्यावर येतो ना, तसा. नळी टारगेटकडंच ठेवली, मनात तीस आकडे मोजले, मग मोडली. काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर, जिथं सुई ठोकते तिथं, खळगा होता पण उथळ, नखानं दाबल्यासारखा. डाव्या नळीतून उडालेलं काडतूस शेजारी धरून बघितलं तर त्याचा खळगा चांगला खोल, ज्वारीचा दाणा बसेल असा. तेच न उडालेलं काडतूस सराव घेणाऱ्या उस्तादांच्या परवानगीनं परत उजव्या नळीत घातलं, तर धाडकन उडालं!

साडेअकराला दुसरी फेरी झाली. उरलेली काडतुसं दोन्ही नळ्यांतून बिनतक्रार गेली. उन्हात बंदूक पण तापली होती अन् मी पण.

आता ज्याला विचारावं त्याचं मत निराळं. सुपरवायझर म्हणतो काडतुसं जुनी. एका मिस्त्रीला फोन केला, तो न बघताच म्हणाला, "दोन्ही स्प्रिंगा बदलून टाकू." माझी बायको म्हणते, "जिनिंगच्या रुईनं माणूस खोकतो, बंदूक कामून नाही खोकणार?"

मी गप्प बसणारा नाही. डमी काडतुसाची जोडी आहे माझ्याकडं. घरी आल्यावर बंदूक रिकामी करून, दोनदा बघून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून आठ दिवस पहाटे अन् दुपारी दोन्ही चाप ओढून बघितले. वहीत लिहिलं. पहाटे उजवा 'थप', डावा 'टक'. दुपारी दोन्ही 'टक'. आठातले सात दिवस असंच. एका दिवशी मात्र पहाटे सुद्धा उजवा 'टक' वाजला. त्या रात्री मला सुट्टी होती, बंदूक घरात दिवाणाखाली वाकळीत गुंडाळलेली होती. एरवी रात्रभर माझ्यासोबत जिनिंगच्या फाटकावरच्या पत्र्याच्या खोलीत असते.

आणखी एक. पहाटे उजवा चाप ओढताना सुटायच्या आधी बोटाला काहीतरी चिकट लागतं, गुळाच्या पाकातून चमचा ओढल्यासारखं.

निगेत कसूर नाही. दर आठ दिवसांनी भरपूर तेल देतो. मधे निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा होती, ते दोन महिने सोडून. जमा करायच्या आधी तर न्हाऊ घातली होती.

काय धरू? चाप, स्प्रिंग, सुई की काडतूस?

बोरीचा_शेतकरी

फौजी दादा, एवढा विचार कशाला. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो हार्डवेअरमध्ये, त्याची नळी चापाच्या फटीत घालायची अन् दाबायचं. आमच्या मोटरीचा स्टार्टर असाच मोकळा केला मी. हरभऱ्यात डुकरं घुसली की रात्री माझी सिंगल नळी बाहेर निघते, चार वर्षांत एकदा पण दगा नाही.

रात्रपाळी_गार्ड

मला तर काडतुसंच वाटतात. आमच्याकडं पट्ट्यात लावलेली काडतुसं दोन-दोन पावसाळे तशीच राहतात. घाम, दमट हवा, पितळेवर हिरवं येतं. सात वाजता पहिली जी घातली ती पट्ट्यातली होती का डब्यातली? नाहीतर स्प्रिंगचे पैसे फुकट जायचे.

उदगीरकर_आर्मरर

हवालदार साहेब, राम राम. मी ईएमईचा, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती दलाचा. सिकंदराबादला शिकलो, अन् पुढची सगळी नोकरी कोतातल्या, म्हणजे हत्यारखान्यातल्या टेबलासमोर गेली. हजारो एसएलआर हातातून गेल्या. तुमच्यासारखी दोन नळ्यांची बंदूक मात्र रिटायर झाल्यावर शिकलो, एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेजारी स्टुलावर बसून.

आधी तुमचं कौतुक. टोपी बघितली, दोन नळ्यांची तुलना केली अन् वेळ लिहून ठेवली. निम्मं निदान तुम्हीच करून बसलात, फक्त उत्तर वाचलं नाही.

फौजेत आपल्याला 'रोकें और फौरी इलाज' शिकवतात. बंदूक थांबली की कॉक कर, म्हणजे घोडा परत चढव, बघ, पुढं चल. गोळीबार चालू असताना ते बरोबरच आहे. पण फौरी इलाज म्हणजे ताप उतरवायची गोळी, ताप कशाचा ते त्यातून कळत नाही. कोतात आल्यावर जवान सांगायचा, "सर, ट्रिगर खराब है." मी विचारायचो, आवाज आला का? पुष्कळदा तिथंच गडी अडखळायचा. चाप ओढला अन् काहीच वाजलं नाही, तर घोडा सुटलाच नाही. मग सेफ्टी बघा, सीअर म्हणजे घोड्याला अडवून धरणारा खटका बघा, एसएलआर असेल तर पहिल्यांदा बघा की चाल, म्हणजे मागं-पुढं सरकणारा भाग, पूर्ण पुढं गेली का. कचऱ्यानं किंवा वाकड्या राउंडमुळं ती दोन सूत जरी मागं अडकली असेल, तर चापात काही दोष नसतो अन् शिव्या मात्र चापाला पडतात. उलट 'टक' वाजलं अन् बार नाही झाला, तर चापानं त्याचं काम केलेलं आहे. पुढचा प्रश्न टोपीला विचारायचा. खळगाच नाही म्हणजे सुई तुटली किंवा अडकली. खळगा खोल अन् मधोमध, तरी बार नाही, म्हणजे काडतुसात खोट. खळगा मध्य सोडून कडेला, म्हणजे काहीतरी झिजलंय किंवा काडतूस नीट बसलेलं नाही. खळगा मधोमध पण उथळ, म्हणजे ठोसा कमी पडला. तुमचं हे शेवटचं.

ठोसा कमी का पडतो? स्प्रिंग थकली म्हणून, किंवा घोड्याला वाटेत कुणीतरी धरतंय म्हणून. इथं तुमची वही कामाला येते. थकलेली स्प्रिंग पहाटे थकलेली अन् दुपारी पैलवान, असं होत नाही. झिजलेली सुई उन्हात वाढत नाही. काडतूस खराब असतं तर त्याच नळीत दुसऱ्या ठोशाला बहुधा उडालं नसतं, अन् डमीवर तर काडतुसाचा प्रश्नच नाही, तरी 'थप' वाजतंय. घड्याळाप्रमाणं येणारा अन् वाकळीत घातल्यावर जाणारा एकच रोग असतो. आत काहीतरी आहे जे थंडीत घट्ट होतं अन् उन्हात पातळ होतं.

तुमच्या बंदुकीत घोडा बाहेर दिसत नाही, पण असतो. नळ्या मोडल्या की पुढच्या लाकडाखालचे दांडे खाली जातात, त्यांची मागची टोकं आतले घोडे उचलतात. घोडा सीअरच्या खाचेत अडकून बसतो. चाप सीअरला उचलतो, घोडा सुटतो. तो कुठं फिरतो? एका अरुंद कप्प्यात, अंगाला अंग लागून. त्या कप्प्यात चिकट माल साठला की घोडा सुटतो खरा पण धावत नाही, चालत येतो. म्हणून 'थप'. अन् बोटाला पाकासारखं लागतं ते सीअरलाही तोच माल लागलाय म्हणून. एकदा ठोसा मारला, नळी मोडून घोडा परत चढवला की माल थोडा मोडतो, म्हणून दुसऱ्या वेळी बार झाला.

आता मला तीन गोष्टी सांगा. तेल कोणतं देता? जिनिंगवर अन् घरी बंदूक उभी ठेवता का आडवी, उभी असेल तर नळ्या वर का खाली? अन् ठाण्यात जमा होती तेव्हा कोणत्या कुशीवर पडली होती?

बोरीच्या भाऊंना एक विनंती. तो स्प्रे बिजागरीला मारा, बंदुकीच्या पोटात नको. तो वाळतो, मागं चिकट साय ठेवतो, अन् सैल झालेला कचरा आणखी आत नेऊन बसवतो. पहिल्या दिवशी बंदूक खूष, सहा महिन्यांनी माझ्या टेबलावर.

अन् हवालदार साहेब, तोपर्यंत ही बंदूक भरून ड्युटीवर नेऊ नका. उशिरा धावणारा घोडा हा न धावणाऱ्यापेक्षा वाईट. चिकटलेला सीअर खाचेत पूर्ण बसला नाही तर धक्क्यानं सुटू शकतो. या बंदुकांची सेफ्टी बहुतेक वेळा फक्त चापाला अडवते, घोड्याला नाही. सेफ्टी लावली म्हणजे आतलं सगळं कुलूपबंद झालं असं समजून भरलेली बंदूक भिंतीला टेकवणारे मी बघितलेत.

मानवतचा_माजी_फौजी

उस्ताद, तुम्ही माझी चोरी पकडली.

तेल खोबरेल. निळ्या बाटलीतलं. फौजेत बंदुकीचं तेल कोतातून मिळायचं, कुठून येतं कधी विचारलं नाही. बाहेर आल्यावर दुकानदारानं जे दिलं ते संपलं, मग घरातली बाटली उचलली. लाकडाला काय छान चकाकी यायची! चापाच्या फटीत अन् सेफ्टीच्या खाचेत पण चार-चार थेंब सोडायचो, दर रविवारी. दहा-बारा वर्षांचे रविवार मोजा.

ठेवतो उभी, नळ्या वर. खोलीच्या कोपऱ्यात खिळ्याला पट्टा अडकवून.

ठाण्यात कशी होती ते मला कसं कळणार, असं लिहायला घेतलं होतं. मग आठवलं. कापडी गवसणीत घालून दिली होती अन् चिठ्ठी डाव्या बाजूला शिवलेली होती. आणायला गेलो तेव्हा मुद्देमालाच्या खोलीत फळीवर एकावर एक पडल्या होत्या अन् सगळ्यांच्या चिठ्ठ्या वर दिसत होत्या. नंबर वाचता यावा म्हणून. म्हणजे दोन महिने उजव्या कुशीवर.

आत्ता कंदिलाच्या, सॉरी, मोबाईलच्या उजेडात बघितलं. नळ्या जिथं संपतात तिथं दस्त्याचं लाकूड काळं पडलंय. नखानं दाबलं तर नख रुततं. मला वाटायचं हाताच्या घामानं काळं झालं असेल.

उदगीरकर_आर्मरर

झालं मग. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. बायको थंडीत बाटली उन्हात ठेवते ना डोक्याला लावायच्या आधी? तेच. नळ्या वर करून ठेवली की दर रविवारचं तेल ओघळून पोटात अन् तिथून लाकडात. म्हणून लाकूड काळं अन् मऊ. दोन महिने उजव्या कुशीवर पडली, म्हणून डावीकडचं पण उजव्या कप्प्याकडं उतरलं. डावी नळी निर्दोष नाही, तिचा माल उजवीला गेला एवढंच. अन् जिनिंगची रुई. वहिनींचं निदान माझ्या आधीचं आहे, त्यांना सांगा.

राखीव_निवृत्त

मी पोलिसातला, राखीव दलात होतो. एसएलआरचं नाव निघालं म्हणून लिहायलो, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस.

बंदोबस्तात भर पावसात आठ दिवस काढून आलो अन् नवव्या दिवशी रेंजवर गेलो. पहिली गोळी गेली. दुसरीला चाप ढिला, नुसता पुढं-मागं हलतोय, मेलेल्या सापासारखा. मॅगझिन भरलेली, चाल पूर्ण पुढं, तरी घोडा सुटेना. मी आपलं 'फौरी इलाज' करत बसलो. कॉक केली की एक गोळी जायची, परत चाप मेलेला. म्हणजे स्वयंचलित भरणाऱ्या रायफलची मी हातानं भरायची रायफल करून टाकली.

आमच्या आर्मररनं मग समजावलं ते आजपर्यंत लक्षात आहे. एसएलआर एका ओढीला एकच गोळी सोडते, ते कशानं? गोळी सुटल्यावर चाल मागं येताना घोडा परत खाली दाबला जातो अन् सीअर त्याला पकडतो. पण तुमचं बोट अजून दाबलेलंच असतं, तोपर्यंत चाप अन् सीअर यांची गाठ पडत नाही. बोट ढिलं सोडलं की गाठ पडते, अन् बोटाला बारीक 'टिक' लागते. ती टिक म्हणजे रायफल पुढच्या गोळीला तयार. माझ्या रायफलीत सीअरजवळचा छोटा दट्ट्या चिखल अन् जुन्या तेलानं आत बसला होता, गाठच पडत नव्हती.

ओळखायची रीत पण त्यांनीच दाखवली. मॅगझिन काढायची, चेंबर बघायचं, बोट घालून बघायचं. नळी सुरक्षित दिशेला. कॉक करायची, चाप ओढायचा अन् ओढलेलाच ठेवायचा. तसंच धरून दुसऱ्या हातानं परत कॉक करायची. घोडा पडायला नको. मग बोट सावकाश सोडायचं, टिक लागली पाहिजे. परत ओढलं की घोडा पडला पाहिजे. टिक लागली नाही तर धुणं-पुसणं. पण बोट दाबलेलं असतानाच घोडा चालीबरोबर खाली गेला, किंवा रेंजवर एका ओढीत दोन गोळ्या गेल्या, तर मॅगझिन काढायची, 'खाली कर' म्हणजे रिकामी करायची अन् रायफल सरळ आर्मररच्या हातात. "एकदाच झालं, परत बघू" म्हणून दुसरी मॅगझिन लावायची नाही. आमचा एक गडी असंच म्हणाला होता. कुणाला लागलं नाही, नशीब.

फौजी दादा, तुमच्या बंदुकीला ती टिक नसते, पण पाकासारखं लागणं हे तिचंच भावंड समजा. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसायला वेळ लागतो.

उदगीरकर_आर्मरर

वा, दादा. मी चार तास शिकवायचो ते तुम्ही चार ओळीत आणलं.

थंडीचं म्हणाल तर वर बर्फात आम्ही उलटं करायचो. नेहमीचं तेल पूर्ण पुसून काढायचं अन् थंडीचं पातळ तेल नुसतं दाखवायचं, लावायचं नाही. नवीन आलेला जवान प्रेमानं तेल पाजायचा अन् सकाळी चाल अर्ध्यात थांबायची. मैदानातला माणूस तेलाला औषध समजतो.

नांदेडची_वकील

मधे बोलते, माफ करा. उस्तादांचं वाचून कुणाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर येऊ नये म्हणून. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं अन् विकणं यांच्या सोबतच दुरुस्ती, बदल अन् चाचणी हे शब्द आहेत, त्याला वेगळा परवाना लागतो. बाहेरून पुसणं, नळी साफ करणं तुमचं काम. आतला सांगाडा उघडणं परवानाधारक मिस्त्रीचं. बंदूक नेताना मूळ परवाना सोबत, झेरॉक्स नाही. मिस्त्रीकडं ठेवून येणार असाल तर पावती घ्या, त्यावर बंदुकीचा नंबर तपासून. अन् परवान्याची मुदत बघून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली म्हणून लोक निवांत होतात अन् तारीख विसरतात.

बोरीचा_शेतकरी

बरं झालं विचारलं दादांनी. माझ्या सिंगल नळीत पण घरातलंच तेल असतं. करडईचं.

उदगीरकर_आर्मरर

करडईचं तर वाळून व्हार्निश होतं, भाऊ. थंडीत पण घट्ट, उन्हात पण घट्ट. तुमची केस याच्यापेक्षा अवघड, पण कळायला मात्र सोपी. एक दिवस चापच हलणार नाही.

मानवतचा_माजी_फौजी

बारा दिवसांनी लिहायलो. जिनिंगवर कापसाची आवक वाढली होती, सुट्टी मिळाली नाही. बंदूक तोपर्यंत रिकामी, कपाटात. मालकाला सांगितलं काठी घेऊन बसतो, तो हसला. मी म्हणलं साहेब, भरवशाची काठी बरी.

परवानाधारक मिस्त्री मिळाला. वय असंल सत्तरच्या पुढं. फोनवर स्प्रिंग बदलणारा नव्हे, दुसरा. मी उस्तादांचं सगळं सांगायला लागलो तर हातानं थांबवलं. आधी बंदूक मोडून बघितली, मग नाकाशी नेली. म्हणाला, "खोबरेल."

त्यांनी मला समोर बसू दिलं. स्क्रूच्या खाचेत अगदी घट्ट बसेल असा स्क्रू ड्रायव्हर निवडायला पाच मिनिटं घेतली. एक लावला, काढला, कानशीनं टोक थोडं घासलं, परत लावला. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाले खाच एकदा फाटली की बंदूक बघणारा पहिलं तेच बघतो. खालची पट्टी निघाली. आत उजव्या कप्प्यात जे होतं त्याला तेल म्हणावं का काय म्हणावं! पिवळट, दाणेदार, कुंथलगिरीच्या पेढ्याचा खवा असतो ना, तसं. चिमट्यानं ओढलं तर अख्खं निघालं, अन् आत रुईचे तंतू, वातीसारखे वळलेले. डावीकडं नुसता चिकट थर. दोन्ही घोडे, सीअर, स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुतल्या. घोडा त्या काचेच्या वाटीत पडला तेव्हा तळाशी ढगासारखं पांढरं उतरलं.

स्प्रिंगा दोन्ही ठीक. त्यांनी भिंगातून बघितल्या, एकमेकीशेजारी ठेवून उंची बघितली. सीअरची खाच पण बघितली, कड शाबूत. मी अडाण्यासारखं विचारलं, जरा घासून चाप हलका करून देता का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं फक्त. मग जोडल्यावर वजनाचा काटा पुढच्या चापाला अडकवून ओढून दाखवलं, पावणेदोन किलोच्या आसपास सुटला. मागचा थोडा जड. म्हणाले असाच असतो, असाच राहू दे.

तेल किती लावलं? शिवणमशीनच्या सुईसारख्या तारेच्या टोकावर जेवढं बसतं तेवढं, घोड्याच्या खिळीला अन् सीअरच्या खिळीला. बस. लाकडाचं मात्र काम राहिलं. काळा भाग खडूची भुकटी लावून आठ दिवस शोषून घ्यायला ठेवायचा, मग बघू म्हणाले. पूर्ण जाणार नाही.

काल पहाटे साडेपाचला परत डमी घालून बघितलं. फाटकावरच्या पत्र्याच्या खोलीतच, मुद्दाम रात्रभर तिथं रिकामी ठेवली होती. उजवा, टक. डावा, टक. परत उजवा. वहीत लिहिलं. आता बंदूक खिळ्याला लटकत नाही, नळ्या खाली करून फळीवर उभी असते, खाली जुन्या बनियनची घडी. अन् रुई उडते म्हणून जिनिंगवर गवसणीतच.

निळी बाटली बायकोनं परत नेली. म्हणाली, "एवढं महागाचं तेल बंदुकीच्या पोटात ओतत होतात, अन् मी आपली बाटली एवढ्या लवकर कशी संपते म्हणून पोरींना बोलत होते."